क्वांटमचा अंगारा

आमच्या मल्हारगंजात सध्या क्वांटमचा हंगाम आहे. गोराकुंडाकडून बडा गणपतीच्या दिशेने पायी निघालात तर विजेच्या खांबांवर आणि बंद दुकानांच्या शटरांवर 'क्वांटम चिकित्सा', 'क्वांटम ध्यान', 'क्वांटम जल' अशी पत्रके चिकटवलेली दिसतील. ही पत्रके हिंदीत असतात. तीच फोनवरून घरात शिरतात तेव्हा मराठी होऊन येतात, खाली हात जोडल्याचे चित्र आणि 'पुढे पाठवा' अशी आज्ञा. भारत सरकारने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सहा हजार कोटींहून अधिक रुपये मंजूर केले, संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञानाचे म्हणून जाहीर केले, आणि या मंडळींना अधिकच जोर चढला. पूर्वी अंगाऱ्याची पुडी देणारा निदान देवाचे नाव घेत असे. आताचा हायझेनबर्गचे घेतो.

मी हिंदी माध्यमाच्या शाळांतून तीसेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवले आणि घरी मराठी बोललो. हा लेख रागाने लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण राग पत्रके चिकटवणाऱ्यांवर थोडा आणि तुमच्याआमच्यावर, म्हणजे दोन भाषांत नांदणाऱ्या मराठी घरांवर, जास्त आहे. तुमच्याकडे शेजारी कन्नड असेल, कुणाकडे तेलुगू असेल, आमच्याकडे हिंदी, दुखणे एकच.

आधी यंत्राची गोष्ट. आमच्या वाड्यातल्या एक काकू आरोग्य शिबिरात जाऊन आल्या. तिथे हातात एक धातूची नळी धरायला देतात, नळीची वायर संगणकाला, आणि दोन मिनिटांत 'क्वांटम विश्लेषण' छापून मिळते: हाडांतले कॅल्शियम, यकृताची चरबी, मेंदूचा रक्तपुरवठा, सगळे दशांश चिन्हासकट. काकूंना मी म्हटले, "पुन्हा एकदा जाऊन या, पैसे मी देतो." त्या गेल्या. त्याच सकाळी, त्याच हाताचा दुसरा कागद आला, आणि पहिल्यात उणे असलेले कॅल्शियम दुसऱ्यात भरपूर निघाले. शिबिरवाल्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, "सर, क्वांटममध्ये अनिश्चितता असतेच ना!" उत्तर हुशारीचे होते, हे मान्य केले पाहिजे. काकूंनी दोन्ही कागद देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र त्या मुलाकडूनच घेतल्या.

काकूंची गोष्ट पैशांवर निभावली. सगळीकडे तसे नसते. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने दहा वस्तूंची यादी जाहीर करून त्या वापरू नका असे बजावले. त्यांत गळ्यात घालायची पदके होती, कडी होती, झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी होती. मोबाइलच्या लहरींपासून 'ऊर्जा' देऊन वाचवतात म्हणून त्या विकल्या जात. तपासणीत त्या खुद्द किरणोत्सारी निघाल्या. लहरींपासून वाचायला माणसाने गळ्यात किरणोत्सार बांधून हिंडावे, याहून मोठी थट्टा कोणती?

तरीही यंत्रवाल्याला मी अर्धा माफ करतो. त्याला पोट आहे. माफी नाही ती विद्वानांना. इथल्याच एका मंडळाच्या व्याख्यानमालेत गेल्या हिवाळ्यात 'वेदान्त आणि क्वांटम' असा विषय होता. वक्त्यांची वाणी ओघवती, संस्कृत निर्दोष, सभागृह भरलेले. त्यांनी तीन गोष्टी ठासून सांगितल्या. एक, बघणारा नसेल तर जग नाही, हे क्वांटमने सिद्ध केले. दोन, अनिश्चिततेच्या तत्त्वामुळे विज्ञानाला कशाचीच खात्री उरली नाही. तीन, विज्ञान दर पन्नास वर्षांनी आपलेच म्हणणे खोडते. आपले ऋषी जे एकदा बोलले ते बोलले. प्रत्येक वाक्याला टाळ्या. शेवटी प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागवल्या. मी तीन दिल्या. एकही वाचली गेली नाही, वेळ संपली होती. (आमच्या इंदुरी मराठीत वेळ 'होतो' की 'होते' यावरही वाद होऊ शकेल, असो.)

त्या चिठ्ठ्यांतले आता इथे सविस्तर लिहितो.

पहिला बघणाऱ्याचा मुद्दा. हा सगळा घोटाळा एका शब्दाने केला आहे. इंग्रजीत ज्याला ऑब्झर्व्हर म्हणतात त्याला मराठी पाठ्यपुस्तकात निरीक्षक म्हणतात, म्हणजे आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे शाळा तपासायला आलेले साहेब उभे राहतात. हिंदीच्या पारिभाषिक कोशात तोच प्रेक्षक होतो. मराठी कानाला तो नाटकाला बसलेला वाटतो. दोन्ही डोळे असलेली, मन असलेली माणसे. एकदा हा शब्द बसला की 'मनाने पाहिले म्हणून कण अवतरला' हे वाक्य आपोआप जुळते. भौतिकीत मात्र निरीक्षण म्हणजे एवढेच, की त्या सूक्ष्म वस्तूचा बाहेरच्या जगाशी असा संबंध आला की तिची काहीतरी खूण मागे राहिली. दारातल्या रांगोळीवर पाऊल उमटले की कोण कुठल्या बाजूने आत गेले याची खूण राहिली. घरातले कोणी उठून ती पाहो अथवा न पाहो.

हे माझे मत नव्हे, व्हिएन्नात करून पाहिलेले आहे. तिथे अँटोन झायलिंगर यांच्या गटाने १९९९ मध्ये साठ कार्बन अणूंचा एकेक रेणू, फुटबॉलसारखा गोल, अतिशय बारीक जाळीतून सोडला. पलीकडे रेणू साचले ते लाटांसारखे, पट्ट्यापट्ट्यांनी. एवढा थोरला रेणूही लाटेसारखा वागतो हेच मुळात नवल होते, पण मला पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. २००३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी सत्तर कार्बन अणूंच्या रेणूंवर असाच प्रयोग करताना निर्वात पेटीत थोडा थोडा वायू सोडला. वायू जसजसा वाढला तसतशा पट्ट्या पुसट झाल्या. २००४ मध्ये त्यांनी रेणू वाटेतच लेझरने तापवले. तापलेले लोखंड लाल दिसते तसे तापलेले रेणूही प्रकाश टाकतात, आणि तो प्रकाश रेणू कुठे होता याची बातमी घेऊन निघून जातो. पट्ट्या गेल्या. तो प्रकाश पाहायला पेटीत कोणी बसलेले नव्हते. कुणाची चेतना तिथे नव्हती, ध्यान नव्हते, संकल्प नव्हता. वायूचा एक आंधळा रेणू येऊन धडकला, तेवढे 'बघणे' पुरले. टाळ्यांच्या सभागृहात हा प्रयोग कोणी सांगत नाही, कारण तो सांगितला की पहिले वाक्य जागच्या जागी कोसळते.

आणि ते मांजर! श्रोडिंगरचे मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेले असते, हे वाक्य आता रिक्षावाल्यालाही पाठ आहे. श्रोडिंगरने ते मांजर १९३५ मध्ये पेटीत घातले ते असे खरोखर असते म्हणून नव्हे. क्वांटमचे तेव्हा रूढ होऊ लागलेले स्पष्टीकरण मोठ्या वस्तूंना तसेच लावले तर किती हास्यास्पद निष्कर्ष निघतो, हे दाखवायला. म्हणजे ज्या गोष्टीची त्याने टिंगल केली तीच त्याच्या नावावर सिद्धांत म्हणून फिरते आहे. आपल्याकडे व्याजस्तुतीचा अलंकार शाळेत शिकवतात. तो ओळखता आला असता तर एवढा अनर्थ झाला नसता.

याच श्रोडिंगरला आपले वक्ते वेदान्ताच्या बाजूने साक्षीला उभे करतात. त्याने उपनिषदांचा विचार आवडीने वाचला होता हे खरे आहे. ते लपवण्याचे कारण नाही. पण 'माझी विश्वदृष्टी' अशा अर्थाचे जे पुस्तक त्याने लिहिले, ज्यात वेदान्त आहे आणि ज्याचा एक भाग १९२५ चा व दुसरा १९६० चा आहे, त्याच्या प्रस्तावनेत त्याने आपणहून खुलासा केला आहे: तरंग यामिकी, अनिश्चितता वगैरेंची चर्चा या पुस्तकात नाही, कारण या गोष्टींचा तत्त्वज्ञानाशी लोक समजतात तेवढा संबंध आहे असे मला वाटत नाही. साक्षीदारच असे सांगतो आहे. त्याचे समीकरण १९२६ मध्ये आले ते द ब्रॉयच्या लहरींच्या कल्पनेवरून, आणि टिकले ते हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषा बरोबर सांगितल्या म्हणून. त्या रेषा चुकल्या असत्या तर उपनिषदे त्याला वाचवायला आली नसती. उपनिषदांची थोरवी असल्या आधारावर उभी नाही. ज्यांना ती क्वांटमच्या टेकूशिवाय पडेल असे वाटते, त्यांचाच उपनिषदांवर विश्वास कमी असावा.

दुसरे, अनिश्चितता. इथे दोष आम्हा शिक्षकांकडे आणि पुस्तकांकडेही येतो, म्हणून जरा थांबतो. १९२७ मध्ये हायझेनबर्गने आपला मुद्दा एका काल्पनिक सूक्ष्मदर्शकाने समजावला: इलेक्ट्रॉन पाहायला त्याच्यावर प्रकाश टाकावा लागतो, त्या धक्क्याने त्याची गती बिघडते, म्हणून जागा आणि गती दोन्ही नेमकी कळत नाहीत. पिढ्यान् पिढ्या हेच शिकवले गेले. पण त्याच वर्षी केनार्डने गणिताने जे सिद्ध केले ते वेगळे होते. तिथे धक्क्याचा प्रश्नच नाही; इलेक्ट्रॉनलाच एकाच वेळी नेमकी जागा आणि नेमकी गती नसते, कोणी धक्का देवो की न देवो. पुढे २००३ मध्ये ओझावा या जपानी शास्त्रज्ञाने मोजमापाच्या धक्क्याचे गणित वेगळे मांडले आणि २०१२ मध्ये व्हिएन्नात न्यूट्रॉनवर आणि टोरोंटोत प्रकाशकणांवर प्रयोग झाले. हायझेनबर्गच्या सूक्ष्मदर्शकावरून निघणारा, चुकीचा नेमकेपणा आणि धक्का यांच्यातला सरधोपट संबंध तसाच्या तसा पाळला जात नाही असे त्यांत दिसले. केनार्डचे सूत्र मात्र अबाधित राहिले. विज्ञान 'बदलते' म्हणजे काय होते, ते यात दिसेल. समीकरण तेच, आकडे तेच. त्याचा अर्थ सांगणारी गोष्ट पंचाऐंशी वर्षांनी सुधारली.

आणि 'कशाचीच खात्री नाही' हे तर धडधडीत असत्य. इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा एक आकडा २०२३ मध्ये मोजला गेला तो १.००११५९६५२१८०५९ असा आहे, आणि क्वांटमच्या गणिताने काढलेला आकडा त्याच्याशी एक लाख कोटीत एक भाग इतक्या अंतरापर्यंत जुळतो. माणसाने कागदावर काढलेले दुसरे कुठलेही भाकीत इतके जुळलेले मला माहीत नाही. काकूंच्या कॅल्शियमशी तुलना करून पाहा.

लांब कशाला जायचे? इंदूरच्याच दुसऱ्या टोकाला, राजेंद्रनगरच्या पुढे, १९८४ पासून ते केंद्र उभे आहे ज्याला आता राजा रामण्णांचे नाव आहे. भारतातला पहिला सिंक्रोट्रॉन किरणस्रोत, इंडस-१, १९९९ मध्ये तिथे सुरू झाला. थोरला इंडस-२ म्हणजे १७२.५ मीटर परिघाचे कडे. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, वळताना क्ष-किरण टाकतात आणि त्या किरणांनी प्रथिनांची, धातूंची अंतर्रचना तपासतात. तिथे काम करणारी मराठी माणसे आपल्या हळदीकुंकवाला, गणपतीला येतात. त्यांना कोणी विचारत नाही. क्वांटमवर बोलायला आपण बोलावतो ते गीतेवर बोलणाऱ्याला.

तिसरा मुद्दा सगळ्यात वरवरचा असून सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतात. विज्ञान आपले म्हणणे खोडते! हिंदीत राहणाऱ्या मराठी माणसाने तरी या वाक्याला टाळी देऊ नये. आपल्याला 'शिक्षा' या शब्दाची गंमत लहानपणापासून ठाऊक असते: हिंदीत ती मिळावी म्हणून शाळेत घालतात आणि मराठीत ती मिळते म्हणून मूल रडते. तसाच 'संशोधन' हा शब्द पाहा. मराठीत संशोधन म्हणजे नवे शोधून काढणे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, जशी राज्यघटनेत करतात. विज्ञानात ही दोन कामे वेगळी नाहीत, आणि हे सांगायला जगातल्या कुठल्याही भाषेपेक्षा आपल्या दोन भाषांमधली फट अधिक उपयोगी आहे.

दुरुस्ती कशी होते पाहा. १९१३ मध्ये बोरने अणूचे चित्र दिले: मधे सूर्य, भोवती ग्रह. बारा-तेरा वर्षांत ते चित्र गेले. पण त्या चित्राने हायड्रोजनची जी तांबडी रेषा साधारण ६५६ नॅनोमीटरवर सांगितली होती, ती नव्या सिद्धांतानेही तिथेच सांगितली. सांगितली नसती तर नव्याला कोणी दारात उभे केले नसते. खोडलेले चित्र अजून मुलांच्या वह्यांत आहे आणि जाहिरातींत आहे, ही चूक विज्ञानाची नव्हे.

आणि मोठ्या माणसाचा मान? १९३५ मध्ये आइन्स्टाइनने दोन सहकाऱ्यांबरोबर आक्षेप घेतला की क्वांटम अपुरे आहे. साध्या भाषेत असे: चपलांच्या जोडीतली एक खोक्यात घालून इंदूरला ठेवली, दुसरी बेळगावला पाठवली. इंदूरचे खोके उघडून डावी दिसली की बेळगावची उजवी हे कळते. त्यात गूढ काही नाही, ते आधीच ठरलेले होते. कणांच्या जोड्यांचेही असेच असणार, असे त्याचे म्हणणे. जवळजवळ तीस वर्षे हा नुसता मतभेद राहिला. १९६४ मध्ये जॉन बेलने दाखवले की याचा निकाल मोजून लावता येतो. सगळे आधीच ठरलेले असेल आणि एकाची बातमी दुसऱ्याला प्रकाशापेक्षा लवकर पोचत नसेल, तर जुळणीचा एक ठरावीक हिशेब २ च्या वर जाणार नाही. क्वांटमप्रमाणे तो २.८३ पर्यंत जाईल. १९७२ मध्ये क्लॉसर आणि फ्रीडमन यांनी अमेरिकेत, १९८२ मध्ये आस्पे यांनी फ्रान्समध्ये असे मोजून पाहिले, आणि २०१५ मध्ये डेल्फ्टला उरल्यासुरल्या पळवाटा बंद करून पुन्हा मोजले. मर्यादा ओलांडली गेली. क्लॉसर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. आइन्स्टाइन हरला. त्याच्या नावाने कोणी मोर्चा काढला नाही, आणि त्याचा प्रश्न मूर्खपणाचा होता असेही कोणी म्हणाले नाही. तो प्रश्न नसता तर बेल नसता. (या जोड्यांवरून विचार-संक्रमण सिद्ध करणाऱ्यांसाठी: इंदूरच्या खोक्याशी काहीही केले तरी बेळगावला एक अक्षरही पाठवता येत नाही, हेही तेच गणित सांगते.)

काय घडले तर तुमचे म्हणणे तुम्ही मागे घ्याल? माझ्या तिसऱ्या चिठ्ठीत एवढाच प्रश्न होता.

आता आपल्याकडे वळतो. आमच्या गल्लीतली मुले कोचिंगला जातात आणि तरंग, अणू, फोटॉन सगळे इंग्रजीत शिकून येतात. घरी आल्यावर त्यातला एक शब्द मराठीत बोलत नाहीत, आणि आपण विचारत नाही. मराठी उरली ती आरतीला, भाजीला आणि फोनवर आलेल्या मजकुराला. म्हणजे खरे क्वांटम घराच्या बाहेर इंग्रजीत, आणि खोटे क्वांटम घरात मराठीत. काकूंना कोणी फसवले? शिबिरवाल्याने, हे खरेच. पण काकूंचा नातू त्याच वेळी वरच्या माळ्यावर प्रकाश-विद्युत परिणामाची गणिते सोडवत होता. आजीला ते सांगण्याजोगे आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

मराठीत शब्द नाहीत ही सबब चालणार नाही. वाईच्या विश्वकोशात 'पुंज सिद्धांत' अशी नोंद आहे. 'पुंज' म्हटले की मला ढीग आठवतो आणि क्वांटम म्हणजे तर सुटी, लहानात लहान रास. त्यामुळे तो शब्द मला फारसा रुचत नाही. पण तो वापरून, भांडून, घासूनच सुधारेल. सत्येंद्रनाथ बोस यांनी मेघनाद साहांबरोबर आइन्स्टाइनचे निबंध इंग्रजीत आणले, ते कलकत्ता विद्यापीठाने १९२० मध्ये छापले. १९२४ मध्ये बोसांनी आपला निबंध आइन्स्टाइनला पाठवला आणि आइन्स्टाइनने तो स्वतः जर्मनीत उतरवून छापायला दिला. क्वांटमच्या पायाचा एक दगड असा भाषांतराच्या पाटीवरून आला. हेच बोस १९४८ मध्ये कलकत्त्यात बंगीय विज्ञान परिषद काढून बंगालीतून विज्ञान सांगायला बसले. त्यांना बंगालीत शब्द आयते मिळाले होते असे नाही.

एक शेवटचा आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे: शास्त्रज्ञांचेच कुठे एकमत आहे? नाही. 'नेचर' या नियतकालिकाने २०२५ मध्ये अकराशेहून अधिक शास्त्रज्ञांना विचारले की क्वांटमचा अर्थ तुम्ही काय लावता. सर्वांत जास्त पसंती मिळालेल्या, कोपनहेगनच्या, अर्थालाही ३६ टक्केच मते पडली. शंभर वर्षांनंतर! हा वाद खरा आहे, रंगतदार आहे. पण व्हिएन्नाच्या पेटीत वायू सोडला की पट्ट्या पुसट होतात, यावर त्या अकराशेंत वाद नाही. वाद आहे तो त्याच्या पलीकडचा, आणि त्यात भाग घ्यायला अलीकडचे आधी कळावे लागते.

याच मंडळाकडे मी यंदा अर्ज दिला: व्हिएन्नाचा प्रयोग मराठीतून, फळ्यावर, अर्धा तास. उत्तर आले आहे. तिळगूळ समारंभात, हळदीकुंकवानंतर आणि अल्पोपाहाराच्या आधी, पंधरा मिनिटे. फळा मी आपला आणायचा आहे.